तळमजला दाखवताना

माझ्या धंद्याला मराठीत नाव नाही. दलाल मंडळी गिऱ्हाइकाला माझी ओळख करून देताना म्हणायची, "या वृंदाताई, घर सजवतात." आणि मग गिऱ्हाईक हमखास मला बारशाच्या फुग्यांच्या कमानीचा भाव विचारायचं. माझी नणंद तर आजही सांगते की वृंदा लोकांच्या घरी जाऊन पसारा आवरायची, स्वतःच्या घराचं काय ते विचारू नका. नणंदेचं अगदीच खोटं नाही.

काम खरं म्हणजे सोपं होतं. वसई-विरार पट्ट्यात कुणी घर विकायला काढलं, की गिऱ्हाईक बघायला येण्याआधी ते घर दाखवण्याजोगं करायचं. विकायचं काम दलालाचं, माझं काम घर दाखवून होईपर्यंतचं. विकणाऱ्याला स्वतःचं घर दिसतच नसतं, ही या धंद्यातली पहिली अडचण. दाराआडच्या एका खिळ्याला लटकलेल्या पन्नास पिशव्या, मोरीतलं तडा गेलेलं टमरेल, जावयाने बंद पाडलेलं घड्याळ, हे सगळं त्याच्या नजरेला इतकं सरावलेलं असतं की त्याला वाटतं, घर कसं चकचकीत आहे. मी त्याला बाहेर उभं करायचे आणि परत आत आणायचे. पाहुण्यासारखं आत या, म्हणायचे. बरेच जण आत येऊन पंखा लावायचे आणि चहा मागायचे.

आमच्याकडची दुसरी अडचण म्हणजे पिंपं. पाणी साठवायची ती निळी पिंपं इथे घरोघरी. मुंबईहून येणारं गिऱ्हाईक हॉल बघत नाही, बेडरूम बघत नाही, ते पिंपं मोजतं आणि नळाला पाणी किती वेळ येतं ते मनात ठरवतं. म्हणून आदल्या दिवशी पिंपं शेजारी हलवायची, असा माझा रिवाज. नालासोपाऱ्यात एका गिऱ्हाइकाला घर पसंत पडलं नाही, पण त्याने जाता जाता सहज विचारलं, शेजारचं विकाऊ आहे का. निघालं तेही विकाऊ. त्याने उत्साहाने शेजारचं दार ढकललं तर आत दोन घरांची पिंपं आणि त्यांच्या मधोमध अवघडून उभी असलेली घरमालकीण. ते गिऱ्हाईक पुन्हा विरार लाईनला फिरकलं नाही म्हणतात.

वासाचंही तसंच. दोन दिवस बोंबील तळायचे नाहीत, एवढंच माझं मागणं असे. "मग दोन दिवस खायचं काय?" असं मला एका भल्या गृहस्थाने फार काळजीने विचारलं होतं. गिऱ्हाईक येण्याच्या सुमाराला मी गॅसवर शिरा करायला लावायचे. तूप-वेलचीच्या वासात भिंतीची ओल जरा कमी दिसते. त्या शिऱ्यापायी विरारचं एक कुटुंब तेच घर तीनदा बघून गेलं. तिसऱ्या वेळी तर आत्याला घेऊन आले होते, आणि घर घेतलं दुसरीकडेच.

एका बाबांना दुपारी घरात किती आवाज येतो ते ऐकायचं होतं. ते बेडरूममध्ये आडवे झाले ते चहाच्या वेळेला उठले. तोवर घरातली सगळी माणसं बाहेर कुजबुजत उभी, कारण मीच त्यांना गप्प बसवलं होतं. बाबा उठून म्हणाले, घर फार शांत आहे. बयाणा तिथल्या तिथे दिला. शेजारी शाळा आहे हे त्यांना सोमवारी कळलं असणार, पण शाळा काही मी लपवली नव्हती. तो रविवार होता.

लपवण्याबद्दल माझा एक नियम होता, तो सांगून टाकते. घरातली खोट पहिल्या भेटीत बोलायची नाही आणि बयाणा घेण्याआधी सांगितल्याशिवाय राहायचं नाही. मुलगी बघायला आलेल्यांना कुणी दारातच तिच्या दाढदुखीबद्दल सांगत नाही, पण लग्नाआधी सांगावंच लागतं. हा नियम पाळूनही माझी फजिती झाली ती इनासकाकांच्या घरी.

वसईतल्या होळी नावाच्या भागाच्या बाजूला, फुलांच्या वाड्या संपतात तिथे एका गल्लीत इनासकाकांचा तळमजल्याचा फ्लॅट. काका निवृत्त शाळामास्तर, गल्लीतली बहुतेक माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. दर पावसाळ्यात त्यांच्या घरात दोन-चार दिवस गुडघाभर पाणी. मागच्या पावसात त्यांच्या बायकोने, फिलूबायने, वर्षभराचा मसाला करून बाटल्या भरून खालच्या फडताळात ठेवल्या होत्या. पाणी शिरलं तशा त्या बाटल्या तरंगत तरंगत एकीमागून एक दारातून बाहेर पडल्या. फिलूबाय त्यांच्या मागोमाग निघाली आणि बाटल्या गटाराशी थांबल्या तरी ती थांबली नाही. थेट वटार गावात भावाकडे गेली. जाताना म्हणाली, "आता चढायला जिना असेल त्याच घरात मी पाऊल टाकीन." ती बोलते ते करते, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

वरच्या मजल्यावरचा फ्लॅट आखातात नोकरी करणाऱ्या एका माणसाचा होता. तो काकांना द्यायला तयार होता, पण खालचा विकला गेल्याशिवाय काकांना तो घेणं शक्य नव्हतं. म्हणजे खालचा विकला तर जिना, आणि जिना मिळाला तर बायको. काकांनी मला हे गणित फळ्यावर मांडावं तसं समजावलं आणि म्हणाले, "ताई, पुढच्या पावसाआधी झालं तर बरं. मला अंड्याशिवाय काही करता येत नाही."

तेव्हा जानेवारी होता. मी घर बघायला गेले आणि दारातच थबकले. पाण्याच्या धाकाने त्या घरातली एकूण एक वस्तू वर गेलेली होती. पलंग विटांवर, फ्रिज उंच लोखंडी घडवंचीवर, टीव्ही जवळजवळ आढ्याला, विजेची बटणं माझ्या डोक्याच्या वर. आत शिरलं की आपणच बुटके झालो असं वाटायचं. काका स्टुलावर चढून फ्रिजमधून अंडी काढत होते. सोफा नव्हता. तो मागच्या पावसात कुजला होता.

मी ठरवलं, सगळं खाली आणायचं. बटणं हलवता येईनात, तर त्यांच्यावर लांब पडदे सोडायचे आणि हॉलमध्ये सोफा, जेवणाचं टेबल, गालिचा मांडायचा. सामान विकत आणण्याची गरज नव्हती. या गल्ल्यांमधून लग्नाकार्याला एकमेकांच्या खुर्च्या, टोप, ताटं, पडदे नेण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या आहे. मी काकांना म्हटलं, शेजारी सांगून ठेवा, रविवारपुरतं हवंय.

इथेच चुकलं. काका संकोची, दलालही नको म्हणाले होते. घर विकायचंय हे गल्लीत कळलं की प्रत्येकाचा एक चुलतभाऊ स्वस्तात घ्यायला उभा राहतो, आणि वटारपर्यंत बातमी जाते ती निराळीच. म्हणून ते शेजारच्या रेमीबायकडे गेले आणि एवढंच म्हणाले, "रविवारी घरी माणसं यायचीत. तुझा सोफा देशील?" पुढच्या घरी टेबल मागितलं, त्याच्या पुढच्या घरी पडदे. तेवढ्याच शब्दांत.

आता सहा महिने एकटा अंडी खाणारा माणूस सोफा मागतो, पडदे मागतो, घर धुऊन घेतो, फ्रिज खाली आणतो. गल्लीने जो अर्थ काढायचा तो काढला. फिलूबाय परत येते आहे. आणि तिथली दुसरी पद्धत मला ठाऊक असायला हवी होती ती नव्हती. ज्याची वस्तू कार्याला जाते, तो स्वतःही कार्याला जातो. सोफा दिला म्हणजे आमंत्रण झालंच.

रविवारी मी पोचले तेव्हा घर खरंच बघण्यासारखं झालं होतं. रेमीबायचा मखमली सोफा, खाली आलेला पलंग, टेबलावर वाडीतली ताजी फुलं. मी गॅसवर शिरा टाकला. एवढ्यात रेमीबाय आली. ठेवणीतलं लुगडं, हातात झेंडूचा जाड हार.

"सोफा नीट आहे ना, बघायला आले," ती म्हणाली आणि सोफ्यावर बसली.

मग टेबलवाले आले. त्यांनी टेबल नीट आहे ते बघितलं आणि त्यावर केक ठेवला. पडदेवाले सहकुटुंब आले. ज्यांचं आम्ही काहीच आणलं नव्हतं त्यांनी वाईट वाटून घेतलं आणि खुर्च्या घेऊन आले. हॉलमध्ये उभं राहायला जागा उरली नाही. मी काकांकडे बघितलं. काका कोऱ्या चेहऱ्याने म्हणाले, "हे सगळे माझे विद्यार्थी. यांना बाहेर काढायचं कसं?"

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ढोल वाजला. रेमीबायच्या नवऱ्याने बँड ठरवला होता. कळंबचे हरेश्वर मास्तर आणि त्यांची माणसं, लाल कोट, चकचकीत तुताऱ्या. लग्नसराईत सकाळचं एक लग्न आटोपून ते सरळ इकडे आले होते. मला मास्तरांनी नंतर हात जोडून सांगितलं, "ताय, फिलूबाय कोन ते आमाला म्हाईत नाय. आमाला सांगलं का गाडीतना म्हातारी बाय उतरली का वाजवायला लागा. बाय उतरली, आमी वाजवलं."

उतरली होती ती सावंतबाई. गोरेगावला तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, गुडघ्यांनी पार हैराण झालेल्या. मुलगा निलेश त्यांच्यासाठी तळमजल्याचं घर शोधत होता. मी दारातून बाहेर धावले, पण माझ्या आधी रेमीबाय धावली. तिने हार आधी घातला आणि चेहरा मग बघितला. बँड ऐन रंगात आला होता. निलेशने मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, सगळ्याच गिऱ्हाइकांना असं करता का? याचे चार्जेस वेगळे आहेत?"

सावंतबाईंना मात्र काही वावगं वाटलं नाही. लग्नानंतर आपल्याला कुणी हार घातला नव्हता, असं त्या मला पुढे म्हणाल्या. चार बाप्यांनी त्यांना हातांच्या पाळण्यात उचलून सोफ्यावर आणून बसवलं. इनासकाकांना रेमीबायने त्यांच्याच शेजारी ढकललं, कारण दुसरी जागाच नव्हती. ही बाई कोण, हे गल्लीला कळेना, पण हार पडला म्हणजे मान द्यायलाच हवा, म्हणून केक कापला गेला. मी शिऱ्याच्या बशा फिरवत प्रत्येकाच्या कानात सांगत होते, हे घर बघायला आलेत हो, घर बघायला. बँडच्या आवाजात कुणाला काही ऐकू जात नव्हतं.

अशा वेळी रिक्षातून फिलूबाय उतरली.

सकाळी वटारच्या चर्चबाहेर रेमीबायच्या भावजयीने तिचं अभिनंदन केलं होतं. आज घरी चाललीस ना, बँड पण ठरलाय म्हणे. आपण घरी परत चाललो आहोत ही बातमी फिलूबायला अशी दुसऱ्याकडून कळली. कोण परत येतंय ते बघावं म्हणून ती होती तशी रिक्षात बसली. आणि दारात येऊन बघते तर तिच्या हॉलमध्ये मखमली सोफा, सोफ्यावर तिचा नवरा, नवऱ्याशेजारी हार घातलेली एक बाई, समोर कापलेला केक आणि बाहेर बँड.

बँड आपोआप बंद पडला. त्यांची आपसातली बोली मला जेमतेम कळते, तेव्हा पुढचं मला समजलं तसं लिहिते आहे.

"इनास," ती म्हणाली, "ही कोण?"

आयुष्यभर वर्गांवर वर्ग गप्प बसवलेल्या त्या माणसाने एकदा सावंतबाईंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि केकचा तुकडा फिलूबायपुढे धरला. मला भीती वाटली की या घराबरोबर मी एक संसारही निकालात काढला. मी मध्ये पडून एका दमात सगळं सांगितलं. ह्या सावंतबाई, हा त्यांचा मुलगा, घर विकायचं आहे, वरचं घ्यायचं आहे, जिना आहे, तुमच्यासाठीच आहे.

फिलूबायने ऐकून घेतलं. तिचा चेहरा जरा सैल झाला. मग तिची नजर भिंतीकडे गेली आणि चेहरा पुन्हा आवळला.

"फ्रिज खाली कुणी ठेवला?"

मी शिऱ्याची बशी पुढे केली.

"पलंगाच्या विटा कुठे आहेत? पावसात फ्रिज पोहायला पाठवणार काय?"

निलेशने बशी खाली ठेवली. "पावसात म्हणजे?"

मी पाण्याची गोष्ट बयाण्याआधी सांगणारच होते. पण घरची मालकीण सहा महिन्यांनी घरात आली होती आणि तिथे कुणीतरी चुकीचं सामान मांडलं होतं. तिला थांबवणं माझ्या बापाला जमलं नसतं. तिने पडदे सारून बटणं दाखवली. पाणी कुठून शिरतं, कुठपर्यंत चढतं, किती दिवस राहतं, बाटल्या कोणत्या बाजूने वाहत जातात, सगळं दाखवलं. आठवडाभर राबून मी जे घर बनवलं होतं ते तिने चहा गार व्हायच्या आत मोडून ठेवलं. निलेश आईला म्हणाला, "आई, चल. हार काढ."

"थांब रे," सावंतबाई म्हणाल्या. आणि फिलूबायला विचारलं, "मग पाणी आलं की तुम्ही काय करता?"

"काय करणार? उचलतो."

"उचलतं कोण?"

हा प्रश्न फिलूबायला कुणी कधी विचारला नसावा. ती मागे वळली आणि नुसती म्हणाली, "उचला."

गल्लीला हे काम पाठ होतं. बँडवाल्यांनीही तुताऱ्या खिडकीत ठेवून कोटाच्या बाह्या सारल्या. विटा मोरीमागून आल्या. पलंग वर गेला, फ्रिज घडवंचीवर गेला, टेबलाखाली आणखी एक टेबल गेलं. हरेश्वर मास्तर ढोलावर ठेका देत सांगत होते, "पानी आला, पानी आला, उचला." शेवटी राहिला सोफा. रेमीबाय ओरडली, माझा सोफा पण वर घ्या, तसा तो उचलला गेला, सावंतबाईंसकट. विटांवर सोफा टेकला तेव्हा बाई हार सावरत वर बसलेल्या होत्या, पाय हवेत लोंबत होते आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"निलेश," त्या वरून म्हणाल्या, "हेच घर."

"अगं आई, पाणी भरतं इथे."

"भरू दे. तिकडे मला खाली न्यायचं म्हटलं की तू एकटा. मागच्या खेपेला तुझी कंबर गेली आणि मी जिन्यात बसून राहिले, आठवतंय? दारं उघडून बघितलं लोकांनी, आणि लावून घेतली." त्यांनी सोफ्याच्या हातावर थाप मारली. "इथे मला सामानासकट उचलतील."

 निलेशने खाली उभ्या असलेल्या माणसांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे वळून बयाण्याचं विचारलं. माझ्या सगळ्या कारकिर्दीत मी खाली उतरवलेल्या वस्तू पुन्हा वर चढवून विकलं गेलेलं हे एकच घर. त्यानंतर मी गिऱ्हाइकांना पिंपं दाखवायलाही थोडी शिकले, पण शिरा सोडला नाही.

सावंत मंडळी गेली. मग ज्याने त्याने आपापलं उचललं. सोफा गेला, टेबल गेलं, पडदे गेले, खुर्च्या गेल्या, उरलेला केक बँडने नेला. अर्ध्या तासात घर पुन्हा होतं तसं झालं, उंच आणि रिकामं. फिलूबाय पर्स काखेत धरून दाराशी उभी होती. वटारची रिक्षा बाहेर अजून थांबलेली होती.

काका तिच्याशी आता पहिल्यांदा बोलले. "वरचं आता जमेल," ते म्हणाले. "पावसाच्या आत जमेल."

"जमलं की कळव," ती म्हणाली.

काकांनी मान हलवली. मग काही सुचेना म्हणून असेल किंवा वेळ झाली म्हणून असेल, ते स्टूल ओढून त्यावर चढले आणि फ्रिज उघडला.

"काय करतोस?"

"अंडी काढतो."

"रोज हेच?"

"रोज हेच."

 सत्तरीला आलेला तिचा नवरा स्टुलावर तोल सावरत दोन अंडी छातीशी धरून उभा होता, आणि खाली उतरायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता. तिने चपला काढल्या, पर्स खिळ्याला लावली, जाऊन त्याच्या हातातली अंडी घेतली आणि म्हणाली, "उतर. हे स्टूल पण मोडायला आलंय."

बाहेरून रिक्षावाल्याने हॉर्न दिला. मी दारातून विचारलं, "फिलूबाय, तो विचारतोय, किती वेळ थांबू?"

ती गॅसकडे वळली होती. मागे न बघताच म्हणाली, "जाऊ दे त्याला. जानेवारीत कुठे पाणी भरतं?"